'ब्लार्नी'ला मराठीत काय म्हणाल?

विचारणा : आयर्लंडच्या लोककथा मराठीत आणते आहे. कॉर्क शहराजवळच्या ब्लार्नी गावच्या गोष्टीत अडले. या गावावरूनच इंग्रजीत गोडगोड बोलण्याला 'ब्लार्नी' म्हणतात. 'ब्लार्नी'साठी 'खुशामत' लिहिलं, पण वाचताना खटकतंय.

प्रतिसाद : खटकणारच, ताई. खुशामत करणाऱ्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. इथे उलट आहे. आख्यायिका अशी, की पहिल्या एलिझाबेथ राणीला ब्लार्नीच्या मॅकार्थी सरदाराची जमीन आपल्या अमलाखाली आणायची होती. तो दर वेळी गोड शब्दांत निष्ठा कळवायचा आणि द्यायचं मात्र काहीच नाही. शेवटी राणी वैतागून म्हणाली, ही सगळी ब्लार्नी आहे! म्हणजे समोरच्याला नाराज न करता लावलेल्या वाटाण्याच्या अक्षता. एका शब्दात हवं असेल तर मी 'मखलाशी' सुचवेन.

प्रतिसाद : 'मखलाशी' मला पटत नाही. मखलाशी बहुधा केल्या गोष्टीवर पांघरूण घालायला होते आणि तिच्यात गोडवा असेलच असं नाही. 'साखरपेरणी' जवळचा. राणीच्या तोंडी मात्र 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' हेच शोभेल.

शिवाय ब्लार्नी कॅसलमधल्या प्रसिद्ध दगडाची गोष्ट वेगळी ठेवा. तिथे फसवणूक नाही, वरदान आहे. कॉरमॅक मॅकार्थी एका खटल्यात अडकला होता. क्लीओना देवीने त्याला सांगितलं, सकाळी न्यायालयाकडे जाताना वाटेत जो पहिला दगड दिसेल त्याचा मुका घे. त्याने घेतला, वाणी मोकळी झाली, खटला जिंकला. आजही लोक सुमारे ८५ फूट उंचीवर उताणे झोपतात, लोखंडी गज धरून डोकं मागे खाली सोडतात आणि भिंतीतल्या त्या चुनखडीच्या दगडाचं चुंबन घेतात. त्यातून मिळतं ते 'वाक्चातुर्य'. एकच मराठी शब्द दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट धरू नका.

विचारणा : हे फार उपयोगी पडलं. दोन्हीकडे वेगळे शब्द घेते. आणि 'कॅसल'ला किल्लाच ना?

प्रतिसाद : ब्लार्नीपुरतं तरी 'गढी' लिहा. १४४६ मध्ये बांधलेला तो एका घराण्याचा राहता, भक्कम, उंच मनोरा. 'किल्ला' म्हटलं की आपल्या वाचकाला राजगड दिसतो, डोंगर, माच्या, बुरूज. गढी म्हटलं की तटाआड राहणारा देशमुख दिसतो. मॅकार्थी त्याच जातकुळीचा.

विचारणा : शेवटचं एक. मीथ परगण्यातल्या तारा टेकडीवरचा 'लिया फॉल', खऱ्या राजाचा पाय लागला की आवाज करणारा दगड. 'ओरडतो' लिहू की 'गर्जतो'?

प्रतिसाद : ओरडणं माणसाचं, गर्जना सिंहाची. दगडाला 'हुंकार' द्या. हुंकार पोटातून येतो. शिवाय गोष्ट ऐकणारा 'हं' म्हणून देतो तोही हुंकारच, म्हणजे होकार. तो दगड राजाला होकारच तर देतो.