मदत हवी आहे : हॅगलर-लेनर्ड लढतीचे गुण कसे मोजायचे?

बॉक्सर मार्विन हॅगलरच्या कारकिर्दीवर सविस्तर लिहायला घेतलंय. १९७३ साली व्यावसायिक झालेला हा डावखुरा मिडलवेट (वजनमर्यादा १६० पौंड) १९७९ मध्ये तेव्हाचा जगज्जेता अँटुओफर्मो याच्याविरुद्ध बरोबरीवर अडला, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये नवा जगज्जेता मिंटर याला तीन फेऱ्यांत हरवून स्वतः जगज्जेता झाला. तिथपर्यंत सगळं नीट लिहून झालं.

अडलंय ते ६ एप्रिल १९८७ वर. शुगर रे लेनर्डविरुद्धच्या बारा फेऱ्यांच्या त्या लढतीत एका पंचाने लेनर्डला ११८-११० दिले, दुसऱ्याने ११५-११३, आणि तिसऱ्याने ११५-११३ असेच, पण हॅगलरला! एकच लढत बघून इतका फरक?

मी ती तीनदा पाहिली. सुरुवातीच्या फेऱ्यांत हॅगलर उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा उभा राहतो आणि त्या फेऱ्या हातातून जातात, हे पटतं. खरा घोळ पुढे आहे. हॅगलर सतत अंगावर जातोय, लेनर्ड मागे सरकतोय, आणि फेरी संपता संपता लेनर्ड दोन्ही हातांनी ठोशांची सर लावतो. त्यातले बरेचसे हॅगलरच्या हातमोज्यांवर आदळताना दिसतात. मग ती फेरी कुणाची?

फेऱ्यांचे गुण मोजायची सवय असलेल्यांनी कृपया सांगा : अशा वेळी नेमके लागलेले ठोसे आधी धरायचे की आक्रमकता? आवाज बंद करून पाहिल्यास फरक पडतो का? कुणी स्वतः फेरीनिहाय गुण मांडले असतील तर जरूर द्या. या लढतीनंतर हॅगलर पुन्हा कधीच रिंगणात उतरला नाही, म्हणून हा भाग घाईत उरकायचा नाहीये.