मे महिन्यात क्लबहाऊस कोणाचं?

(ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी, सी-२०१: सर्व सभासदांना नमस्कार. काही पालकांच्या सह्यांचं पत्र आलं आहे. मागणी अशी की नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांसाठी १ मे ते १० जून या काळात क्लबहाऊस सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अभ्यासिका म्हणून राखून ठेवावं आणि त्या वेळात टेबल टेनिस, कॅरम बंद ठेवावं. रविवारी मीटिंग आहे. त्याआधी इथे मतं मांडा. गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड दोन दिवस नकोत.

ए-६०४: पत्र मी लिहिलंय. कारण सांगतो, म्हणजे उगाच गैरसमज नको. आमचं वन बीएचके आहे. हॉलमध्ये आई आणि तिचा टीव्ही, तिला दुसरं करमणुकीचं साधन नाही. बेडरूममध्ये माझं घरून काम, दिवसभर कॉल. मुलगा गॅलरीत वॉशिंग मशीनच्या झाकणावर वही ठेवून उभ्याने गणितं सोडवतो. मशीन लावलं की वही उचलून आत येतो, थांबलं की परत जातो. एप्रिलमध्येच तिथे उभं राहवत नाही, मे महिन्यात काय होईल? आणि बोर्डाची परीक्षा आता मार्चपर्यंत थांबत नाही. २०२५ ला २१ फेब्रुवारीलाच पहिला पेपर होता. जूनमध्ये शाळा सुरू, मग गणपती, सहामाही, दिवाळी, जानेवारीत प्रिलिम. हातात राहतं काय? म्हणून मे.

ए-१०२: आम्ही ज्येष्ठ मंडळी दुपारी ४ ते ६ कॅरम खेळतो. मुलांच्या अभ्यासाआड येणार नाही, पण महिनाभर पूर्ण बंद म्हणजे आम्ही उन्हाचं जायचं कुठे? वेळ वाटून घ्या, एवढंच.

बी-७०४: काका, तुमचं बरोबर आहे. ए-६०४ दादांचंही पटतं, जागेचा प्रश्न खरा आहे. पण पत्रात "सर्व दहावीच्या विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे" असं आहे, ते मला मान्य नाही. माझी मुलगी मे महिन्यात कणकवलीला आजीकडे जाते, दरवर्षी. तुतारी एक्सप्रेसची तिकिटं ६० दिवस आधी, बुकिंग उघडलं त्या सकाळीच काढलीत. आता क्लासमधून फोन आला की सुट्टीच्या बॅचला दहा दिवस बुडवले तर पहिले दोन धडे गेले, ते परत शिकवणार नाहीत. पोरगी रात्री मला विचारते, "आई, मी नाही गेले तर आजीला वाईट वाटेल, गेले तर माझं वर्ष वाया जाईल का?" पंधराव्या वर्षी आंब्याच्या दिवसांत आजीकडे जाताना हा प्रश्न पडावा? मला त्याचा राग येतो, आणि तो मी इथे मोकळेपणाने बोलून दाखवतेय.

सी-५०१: आमची सीबीएसई. आमच्या मुलांचं दहावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालंय, महिनाभर शाळा होऊन मग सुट्टी. २०२६ पासून त्यांना दहावीला बोर्डाची दुसरी संधीही आहे. त्यामुळे आमच्याकडे ताण थोडा वेगळा. पण बसायला शांत जागा मिळाली तर हवीच आहे.

डी-३०३: आमची दहावी झाली. मुलगी मार्चपासून निकालाची वाट बघत घरी आहे. २०२५ ला निकाल १३ मेला लागला होता. तिने एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स लावलाय आणि टायपिंगची चौकशी करतेय. या मुलांचाही विचार करा, त्यांना ना शाळा ना कॉलेज. लहानांना शिकवायला सांगितलं तर आनंदाने बसेल.

बी-३०२ (बाई): मी दहावीला बीजगणित-भूमिती शिकवत होते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. निवृत्त झाले तरी मुलं जिन्यात गाठून शंका विचारतात. जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

दहावीचा पोर्शन एप्रिल-मेमध्ये "संपवून टाकायचा" हा जो आग्रह आहे, त्याने मुलांचा फायदा होताना मी फारसा पाहिला नाही. ज्यांचं नववीचं पक्कं असतं त्यांना होतो, पण ती मुलं जूनमध्ये शिकली असती तरी शिकलीच असती. बाकीच्यांचं काय होतं ते सांगते. दहावीच्या बीजगणितात पहिला धडा दोन चलांतील रेषीय समीकरणे, दुसरा वर्गसमीकरणे. वर्गसमीकरणात पहिली पायरीच अवयव पाडण्याची. अवयव पाडता येत नसतील तर तो धडा एप्रिलमध्ये शिका नाहीतर ऑगस्टमध्ये, मूल तिथेच अडणार. मग ते सूत्र पाठ करतं, चिन्ह चुकतं, आणि "मला गणित येत नाही" हे वाक्य मनात घेऊन जूनमध्ये शाळेत येतं. भूमितीतही तेच. पहिला धडा समरूपता. नववीचे समांतर रेषा आणि त्रिकोण हे दोन धडे कच्चे असले की समरूपतेतलं प्रमेय पाठांतराचा उतारा होऊन बसतं.

तेव्हा सुट्टीत काही करायचंच असेल तर पुढे पळू नका, मागे जा. नववीची बहुपदी, समांतर रेषा, त्रिकोण, त्रिकोणमितीची सुरुवात. रोज दीड तास, सकाळी, डोकं ताजं असताना. दहा गणितं स्वतः सोडवायची, चुकलेलं दुसऱ्या दिवशी परत सोडवायचं. एवढ्यावर जूनमध्ये मूल ताठ मानेने वर्गात बसतं. क्लासला माझा विरोध नाही, शाळेत समजलं नाही तर मुलं जाणार कुठे? पण शाळेत एकदा, क्लासमध्ये एकदा, सुट्टीत आणखी एकदा तोच धडा ऐकून मुलाला सगळं येतंय असा भास होतो. स्वतः कोरा कागद पुढे घेईपर्यंत ते कळत नाही.

क्लबहाऊसमध्ये सकाळी ८ ते ९:३० मी बसेन. शंका घेऊन या. फी वगैरे विषय काढू नका.

ए-६०४: बाई, मनापासून आभार. माझ्या मुलाचं नेमकं अवयवांतच अडतं, आणि मी त्याला एप्रिलपासून दहावीच्या व्हिडिओंसमोर बसवतोय.

डी-१०१ (बाबांच्या फोनवरून): नमस्कार काका-काकू. मी यंदा दहावीत जातोय. बाबांना विचारून लिहितोय. सगळे आमच्या सुट्टीबद्दल बोलताय, म्हणून काल आम्ही पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत जमलो आणि प्रत्येकाने खरंखरं काय करायचंय ते सांगितलं.

दोघं गावाला जाणार. एकीला इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेची तयारी करायची आहे. ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, पण ती म्हणते गुण नसते तरी केलं असतं, तिला स्थिरचित्रात पितळी तांब्यावरची चमक अजून जमत नाही आणि ती तिला जमवायचीच आहे. एकाला पोहायला शिकायचंय. एकाचा क्लास सकाळी ७ ते १२ आहे, त्याला त्यानंतर काहीही ठरवलेलं नकोय. एक जण म्हणाला, मला आठवडाभर गजर न लावता झोपायचंय. तो वर्षभर पाचला उठून ट्रॅफिक लागायच्या आत क्लास गाठतो, तेव्हा प्लीज त्याला कोणी आळशी म्हणू नका. मला मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घ्यायचंय आणि पहाटे सायकलवर उपवन तलावाला जायचंय.

अभ्यासिका आम्हाला हवी आहे. पण ६ पर्यंत नको. सकाळचा अभ्यास आम्ही नीट करू, त्या वेळात फोन घरी ठेवू, हे आमचं आम्ही ठरवलंय. संध्याकाळी टीटीचं टेबल उघडं ठेवा.

बी-७०४: शाब्बास रे. किती नीट मांडलंस.

सी-५०१: पण नुसतं सांगून मुलं फोन घरी ठेवतील? माझा अनुभव वेगळा आहे.

डी-३०३: त्यांनी आपणहून सांगितलंय. निदान सुरुवातीला तरी त्यांच्या शब्दावर सोडू या. आपण फोन गोळा करायला टोपल्या घेऊन दारात उभे राहिलो तर ते त्यांचं राहणार नाही.

ई-४०२ (डॉक्टर): झोपेबद्दल बोलायचंच होतं. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. शाळेच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी फार थोडी तेवढी झोपतात. डोकेदुखी, चिडचिड, लक्ष न लागणं, आणि पालक विचारतात टॉनिक कोणतं देऊ. गजर न लावता झोपू द्या त्या मुलाला. फक्त रात्री दोनपर्यंत रील बघून दुपारी बाराला उठणं म्हणजे विश्रांती नाही, हे मुलांनीही ऐकावं. आणि खेळ सकाळी ७ ते ९ किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. आपल्याकडे पारा फार चढला नाही तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. दुपारी पोडियमवर क्रिकेट नको. सरबत, ताक, पाणी.

बी-३०२ (बाई): आणखी एक राहिलं. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा क्षेत्रभेट आहे. प्रश्नावली तयार करायची, जागेवर जायचं, पाहायचं, नोंदी करायच्या. बहुतेक मुलं हा धडा पंख्याखाली बसून पाठ करतात. आपल्याला खाडी किती जवळ आहे! ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वन विभागाचं जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. बोटी भरतीच्या वेळेप्रमाणे असतात, म्हणून आधी बुकिंग लागतं. पाऊस जवळ आला की पक्षी निघून जातात, तेव्हा एप्रिलअखेरच जायला हवं. तिवरांची मुळं चिखलातून वर का येतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल परीक्षेत दोन ओळी जास्तच लिहितं. कोणी गाड्या काढत असेल तर प्रश्नावली मी मुलांकडून करून घेते.

ए-१०२: माझ्या गाडीत चौघं बसतील. मलाही पक्षी बघायचेत.

सी-५०१: आमची सात सीटर आहे. भरतीची वेळ बघून बुकिंग मी करते.

बी-७०४: बाई, मुलगी गावाला असताना काय करू? वह्या-पुस्तकं बरोबर देऊ का?

बी-३०२ (बाई): एक वही दे, बाकी काही नको. आजीकडून फणसाची भाजी, काजूच्या बिया भाजणं, विहिरीचं पाणी कधी खाली जातं, जे दिसेल ते रोज पानभर लिहू दे. मराठीचा निबंध त्यातच आला. गणिताचं ती परत आल्यावर आपण बघू, तिचं काही बुडणार नाही. क्लासवाल्यांना सांग, दोन धडे माझ्याकडे.

बी-७०४: डोळ्यांत पाणी आलं हो बाई. आत्ता तिला वाचून दाखवलं. बॅग भरायला लागली.

सेक्रेटरी, सी-२०१: मीटिंगपुढे ठेवायचा मसुदा असा: सकाळी ८ ते १ अभ्यासिका, येणं ऐच्छिक, दहावीसोबत सीबीएसईची आणि निकालाची वाट पाहणारी मुलंही बसू शकतील. दुपारी ४ नंतर कॅरम, साडेपाचनंतर टेबल टेनिस. क्लबहाऊसचे दोन पंखे आवाज करतात, ते या आठवड्यात दुरुस्त होतील. वॉटर कूलरचा फिल्टरही बदलून घेतो. हरकत असेल तर शनिवारपर्यंत कळवा.

ए-६०४: हरकत नाही. पत्रातली "उपस्थित राहावे" ही ओळ मी काढतो. १ ते ४ मध्ये एखाद्याला घरी बसायला जागाच नसेल तर कोपऱ्यातलं एक टेबल चालेल का?

सेक्रेटरी, सी-२०१: चालेल. चावी वॉचमनकडे ठेवतो. मुलाने रजिस्टरमध्ये सही करून घ्यावी.

ए-६०४: स्टोअररूममध्ये जुनी लांब टेबलं पडून आहेत. शनिवारी सकाळी मी आणि मुलगा काढून, पुसून लावतो. कोणी मदतीला आलं तर बरं, जड आहेत.

डी-१०१ (बाबांच्या फोनवरून): आम्ही चौघं येतो काका.

बी-३०२ (बाई): आणि नववीची पुस्तकं कोणी रद्दीत देऊ नका. दिली असतील तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ मोफत मिळतात. गणित भाग १ आणि भाग २, दोन्ही आणा.