मदत हवी आहे: 'त्रेसष्ट' सांगितलं की मुलं ३६ लिहितात

नमस्कार. अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेवर मी शिक्षक आहे. शाळा द्विशिक्षकी, पहिली आणि दुसरी माझ्याकडे. दुसरीत १४ मुलं, त्यातली ११ घरी कन्नड बोलतात.

परवा संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. दहाच संख्या होत्या. त्रेसष्ट सांगितल्यावर ९ मुलांनी ३६ लिहिलं. पंचवीसचे ५२ झाले, सत्तेचाळीसचे ७४. एकोणपन्नासला तर कुणी ५१, कुणी ५९, आणि दोघांनी जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागा पाहून जीव जास्त तुटला, कारण ही दोघं एरवी हात वर करून बोलणारी मुलं आहेत.

संख्येची समज कच्ची आहे असंही म्हणता येत नाही. फळ्यावर ६३ लिहिलं की सगळी मुलं काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या बरोबर काढतात. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणीही मांडतात. त्रेसष्टला ३६ लिहिणाऱ्या एका मुलीला मी कन्नडमधून 'अरवत्तमूरु' म्हटलं. तिने क्षणाचाही विचार न करता ६३ लिहिलं. लगेच पुन्हा 'त्रेसष्ट' म्हटलं, तर परत ३६.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कन्नडमध्ये साठ आधी येतात आणि तीन मागून, म्हणजे जसं बोलायचं तसंच लिहायचं. आपल्याकडे 'त्रे' आधी कानावर पडतं आणि 'सष्ट' नंतर. मुलं ऐकलेल्या क्रमाने प्रामाणिकपणे लिहितात आणि मी त्यावर लाल फुली मारतो. गेली तीन वर्षं मारत आलोय, याचं फार वाईट वाटतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला होता. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावूनही सांगितली होती. मी त्या वेळी दुसऱ्या तालुक्यात चौथीला शिकवत होतो, त्यामुळे स्वतः तसं शिकवून पाहिलेलं नाही. आता वर्गात 'साठ तीन' सुरू केलं, तर एका पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारलं, "सर, पोरं बाजारात गेली की असंच बोलणार काय?" त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाच्या उद्दिष्टांप्रमाणे दुसरी संपेपर्यंत मुलांना ९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता यायला हव्यात. आम्ही अजून शंभराच्या आतच अडकलोय. 'साठ तीन' किती दिवस वापरावं? त्यावरून 'त्रेसष्ट'कडे कसं आणावं? आणि 'एकोण'चं काय करावं? ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

*

प्रतिसाद

सर, मी २६ वर्षं पहिली-दुसरीच शिकवली, बहुतेक सगळी पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर. आमच्या मुलांच्या घरी वारली बोलत, तरी अडचण अगदी हीच.

मला उपयोग झाला तो 'शेपूट ऐका' या खेळाचा. संख्येचं नाव सांगायचं आणि मुलांनी फक्त शेवट पकडायचा. त्रेसष्ट, पासष्ट, अडुसष्ट, सगळ्यांची शेपूट 'सष्ट', म्हणून ही साठच्या घरातली माणसं. बावन्न, त्रेपन्न, छप्पन्न पन्नासच्या घरातली. शेपटीला 'हत्तर' असेल तर सत्तरचं घर, 'ण्णव' असेल तर नव्वदचं. अंगणात खडूने घरं आखायची, मी नाव पुकारलं की मुलांनी पळत जाऊन त्या घरात उभं राहायचं. आठवडाभर पेन्सिलीला हात लावू द्यायचा नाही. घर पक्कं झालं की मग पाटीवर दोन चौकोन, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. शेपूट ऐकून आधी डावा चौकोन भरायचा.

डोक्याकडचा भाग मात्र खरंच अवघड आहे. दोनसाठी बघा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. एकच दोन, पण बा, ब, बे, ब्या अशी रूपं बदलतो. ते पाठांतरानेच येतं, त्याला वेळ द्यायला हवा. म्हणून आधी शेपूट. घाई करू नका.

*

प्रतिसाद

आम्ही जर्मनीत राहतो, मुलगा इथल्या शाळेत दुसरीत आहे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही. जर्मनमध्येही ६३ ला 'तीन आणि साठ' असंच म्हणतात, आणि इथल्या मुलांचेही आकडे असेच उलटतात. त्या चुकीला इथे स्वतंत्र शब्दच आहे, 'त्सालेनड्रेयर', म्हणजे आकडे फिरवणं. त्यामुळे ही चूक मुलांच्या हुशारीशी जोडू नका, ती भाषेतून येते.

माझ्या मुलाच्या बाई सांगतात, ऐकल्याबरोबर लिहायचं नाही. आधी दोन्ही हातांची बोटं उघडून-मिटून दशक दाखवायचे, मग एकक, मग लिहायचं. मधल्या त्या दोन-तीन सेकंदांनी माझ्या मुलाला खूप फरक पडला. दशक निळे आणि एकक लाल लिहायची सवयही कामाला आली. आम्ही घरी मराठीतही हेच करतो.

*

प्रतिसाद

'साठ तीन' जरूर वापरा, पण पुलासारखं. मुलांना पुढे पाढे म्हणायचेत आणि पाढ्यात 'सात नवे त्रेसष्ट'च येणार. बाजारात, एसटीच्या तिकिटावर, आजीच्या तोंडी, सगळीकडे जुनंच नाव आहे. मी दोन्ही नावं नेहमी जोडीनेच म्हणते. 'साठ आणि तीन, त्रेसष्ट.' पहिला भाग मी म्हणायचा, दुसरा मुलांनी. महिन्याभराने उलट, 'त्रेसष्ट' मी म्हणायचं आणि ते फोडून मुलांनी सांगायचं. त्या पालकांना एकदा वर्गात बोलावून हे ऐकवा, त्यांची शंका तिथेच मिटेल.

तुमच्या वर्गात तर तिसरं नावही आहे. 'अरवत्तमूरु, साठ तीन, त्रेसष्ट' असं तिन्ही म्हणून घ्या ना. घरची भाषा वर्गात आली तर पाटी कोरी सोडणारी ती दोन मुलंही बोलतील.

*

प्रतिसाद

'एकोण'बद्दल लिहितो, कारण 'शेपूट ऐका' तिथे फसतं. एकोणसत्तरची शेपूट 'सत्तर', पण घर साठचं. म्हणून या संख्या खेळात सुरुवातीला घेऊच नका. त्यांच्यासाठी शंभर मण्यांची माळ दोरीवर टांगा, दर दहा मण्यांनंतर रंग बदललेली. सत्तराव्या मण्यावर चिमटा लावायचा, मग एक मणी मागे यायचं आणि म्हणायचं, 'सत्तरला एक कमी, एकोणसत्तर.' एकोणमधल्या 'ऊन'चा अर्थच कमी असा आहे. पाऊणमध्येही तोच 'ऊन' आहे. पावणेचार म्हणजे चारला पाव कमी. मोठ्या मुलांना हे सांगितलं की फार आवडतं, दुसरीला मणीच पुरे. आणि ८९ नंतर सांभाळा, ९९ ला नियम बदलतो, तिथे 'नव्याण्णव' येतं.

*

धागा काढणाऱ्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस थांबून लिहितोय, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिले सहा दिवस फक्त अंगणातली घरं. पहिलीची मुलंही आपणहून पळू लागली, त्यांना अडवलं नाही. नंतर चौकोन आणि बोटं. तिन्ही नावं म्हणण्याचा ताल मुलांनी स्वतःच बसवला, टाळी वाजवून. मला काही कन्नड संख्या नीट येत नव्हत्या, त्या मुलांनी मला शिकवल्या. 'ऐवत्तेळु' म्हणताना मी अडखळलो की वर्ग हसतो आणि पुन्हा म्हणून दाखवतो.

आज त्यातलेच शब्द पुन्हा घातले. त्रेसष्ट ११ मुलांनी बरोबर लिहिलं. सत्तेचाळीस अजून चौघांचं उलटं येतं. 'एकोण' मुद्दाम घातलं नव्हतं, माळ कालच ओवून झाली आहे. गावातल्या एका आजींनी लाल-पिवळे मणी दिले.

कोरी जागा सोडणाऱ्या दोघांपैकी एकाने आज बासष्टला २६ लिहिलं, मग पाटीकडे बघत 'सष्ट, सष्ट' असं पुटपुटला, बोटाने पुसलं आणि ६२ केलं. मी काहीच बोललो नव्हतो.

एक अडचण राहिलीच. तीन अंकी संख्येत 'एकशे त्रेसष्ट' म्हणताना शंभर आधी, मग तीन, मग साठ असा क्रम येतो. इथे चौकोन कसे भरून घ्यावेत? कुणी केलं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात सुरू करायचं आहे.