मदत हवी आहे: १९५१च्या संगणकाच्या 'हूट'मधून धानी रागाचा कोमल निषाद कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

मँचेस्टर विद्यापीठातल्या फेरांटी मार्क १ या संगणकाचं १९५१ सालचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि तेव्हापासून त्याच पद्धतीने सूर काढायच्या मागे लागलोय. लॅपटॉपवर छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, पण एका सुरावर गाडी अडली आहे.

त्या यंत्रात वाद्य असं काहीच नव्हतं. चालकाला खूण कळावी म्हणून एक लाउडस्पीकर आणि 'हूट' नावाची आज्ञा, एवढंच. आज्ञा चालली की स्पीकरमध्ये एक 'टक्'. तीच वेगाने पुन्हापुन्हा चालवली की कानाला सूर लागतो. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने प्रोग्रॅमरांच्या पुस्तिकेत तिची माहिती दिली होती. तेव्हा हॅरोच्या शाळेत शिकवणाऱ्या क्रिस्टोफर स्ट्रेचीने तिच्यातून 'गॉड सेव्ह द किंग' वाजवलं आणि बीबीसीने ते ध्वनिमुद्रित केलं. प्रोग्रॅम आत जायचा तो पाच छिद्रांच्या टेलिप्रिंटर कागदी पट्टीवरून. एक आज्ञा २० बिटांची, म्हणजे पट्टीवर छिद्रांच्या चार ओळी.

यंत्राचा एक ठोका ०.२४ मिलिसेकंदांचा. हूट आणि 'मागे जा' (पुन्हा हूटकडे नेणारी आज्ञा) मिळून ८ ठोके, म्हणजे ५२०.८ हर्ट्झ. मध्ये चार ठोक्यांची आणखी एक निरुपयोगी आज्ञा घातली की १२ ठोके, ३४७.२ हर्ट्झ. अधलेमधले सूर मिळतच नाहीत. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, कारण २०१६ मध्ये जॅक कोपलँड आणि जेसन लाँग या संशोधकांनी यंत्राला कोणते सूर शक्य होते ते मोजूनच जुन्या तबकडीचा चुकलेला वेग दुरुस्त केला.

आता माझी अडचण. मी षड्ज ४८ ठोक्यांवर (८६.८ हर्ट्झ) धरलाय. मग ४० ठोक्यांवर कोमल गंधार, ३६ वर मध्यम, ३२ वर पंचम आणि २४ वर तार षड्ज अगदी शुद्ध गुणोत्तरात मिळतात. धानी जवळजवळ हातात आला! फक्त निषाद नाही. २८ ठोके दिले तर १४८.८ हर्ट्झ येतो आणि तो धैवत-निषादाच्या मध्येच लटकतो. हवा आहे साधारण १५४ ते १५६.

उपाय म्हणून २८, २८, २४ असं आलटूनपालटून चालवलं. सरासरी नेमकी १५६.२५ हर्ट्झ येते, म्हणजे षड्जाच्या ९/५. पण ही साखळी दर ८० ठोक्यांनी फिरून येते, त्यामुळे खाली ५२ हर्ट्झची घरघर ऐकू येते आणि सूर खरखरीत होतो.

तर विचारायचं हे:

मार्क १ची पुस्तिका कोणी बारकाईने वाचली आहे का? त्यात चारऐवजी पाच ठोके घेणारी आज्ञा आहे का? असल्यास २७ ठोक्यांचा फेरा जमेल आणि प्रश्नच मिटेल.

नसल्यास षड्ज आणखी खाली न नेता ती घरघर कमी करता येईल का? षड्ज १४४ ठोक्यांवर नेला तर ८० ठोक्यांवर निषाद नेमका बसतो, पण २९ हर्ट्झचा षड्ज छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. आणि फिल्टर लावायचा नाही. त्या यंत्राला जे शक्य होतं, तेवढंच वापरायचंय.

शिवाय, साडेसतरा मिलिमीटर रुंदीच्या टेलिप्रिंटर पट्टीचा जुना रोल कोणाकडे पडून असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. प्रोग्रॅम खऱ्या पट्टीवर, हाताने छिद्रं पाडून उतरवायचा आहे.