महागडा सीडी प्लेअर ऐकून पारखायचा कसा?

तंबोराप्रेमी:
नमस्कार. माझ्याकडे नव्वदच्या दशकातला एक साधा पण ठणठणीत सीडी प्लेअर आहे. मित्राने त्याचा हाय-एंड प्लेअर काही दिवस माझ्याकडे आणून ठेवलाय. तो विकायचाय आणि पहिला हक्क मला दिलाय. एका हाताने उचलत नाही इतका जड, आत दोन ट्रान्सफॉर्मर, डिस्कचं झाकण बंद होतानाचा आवाजसुद्धा ऐकत राहावा असा.

लावल्या लावल्या फरक जाणवला. गायिकेचा आवाज पुढे आला, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू यायला लागल्या, खर्ज भरला. मी खूश. तेवढ्यात बायकोने आतल्या खोलीतून विचारलं, “आवाज वाढवलास का?” मी नॉबला हातही लावला नव्हता. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी नक्की काय ऐकतोय? हा प्लेअर खरंच चांगला आहे हे ठरवायचं कसं?

रात्रीचा श्रोता:
कानावर विश्वास ठेवा. दोन-दोन मिनिटं आलटून पालटून ऐकण्यात काही हाती लागत नाही, डोकं मात्र शिणतं. नवा प्लेअर सलग वापरा, रोजच्या आवडीचं ऐका, मग एके दिवशी जुना लावा. काही हरवल्यासारखं वाटलं तर घेऊन टाका. मीटर काही गाणं ऐकत नाही.

खटका आणि खर्ज:
तंबोराप्रेमी, वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. सुरुवात तिथूनच करा.

सीडी प्लेअरच्या आउटपुटची पातळी साधारण 2 व्होल्ट धरतात, पण काटेकोर कोणी पाळत नाही. मी दुरुस्तीचं काम करते. टेबलावर येणाऱ्या महागड्या प्लेअरांचं आउटपुट मला बरेचदा चढंच दिसतं. 2 च्या जागी 2.5 व्होल्ट आले तर जवळपास 2 डेसिबलचा फरक झाला. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळेलच असं नाही. तो ‘मोकळा’, ‘भरीव’, ‘जिवंत’ असा कळतो. आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरची टोकं कमी ऐकू येतात, जरा चढवला की दोन्हीकडून भरून येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच याचे आलेख मांडलेत. तुम्ही केलेलं वर्णन त्या आलेखांशी तंतोतंत जुळतं, म्हणून पातळी जुळवल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

जुळवणी कानाने करायची नाही. संगणकावर 120 हर्ट्झचा एक सूर तयार करा आणि सीडीवर उतरवा. सगळे 1000 हर्ट्झ सांगतात, पण साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज काहीशे हर्ट्झपर्यंतच धड दाखवतात, त्यापुढे आकड्यांचा भरवसा नाही. स्पीकर जोडलेलाच ठेवून त्याच्या टर्मिनलवर मीटर लावा, दोन्ही प्लेअरवर तोच सूर वाजवा आणि आकडे एक टक्क्याच्या आत आणा. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक इनपुटची पातळी वेगळी लावता येत असेल तर उत्तम. नसेल तर चढ्या प्लेअरच्या वायरमध्ये छोटा, पातळी कमी करणारा पॅसिव्ह अ‍ॅटेन्युएटर घाला.

मग एकाच डिस्कची हुबेहूब प्रत काढा. दुसऱ्या आवृत्तीची डिस्क चालणार नाही, तिचं मास्टरिंग, म्हणजे डिस्क काढण्याआधी ध्वनिमुद्रणावर फिरवलेला शेवटचा हात, वेगळं असू शकतं. मित्राचा प्लेअर एसएसीडी (सीडीच्या पुढची, जास्त तपशिलाची डिस्क) सुद्धा वाजवत असेल तर दोन्ही थर असलेल्या हायब्रिड डिस्कवर तो सीडीचाच थर वाचतोय ना हे बघा, नाहीतर तुम्ही प्लेअरऐवजी दोन मास्टरांची तुलना करत बसाल. दोन्हीकडे एकाच वेळी सुरू करा. इनपुट बदलायला वहिनींना बसवा, कुठला लावायचा ते त्यांनी नाणं उडवून ठरवायचं, आणि तुम्हाला ना त्या दिसायला हव्यात ना प्लेअर. 16 पैकी 12 वेळा बरोबर ओळखलंत तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी.

रात्रीचा श्रोता, दीर्घकाळ ऐकण्याला माझा विरोध नाही. एखाद्या प्लेअरने कान थकतात का हे तसंच कळतं. पण बारीक फरकाची कानाची आठवण काही सेकंदांतच पुसट होते, आणि आठवडाभर समोर तो चकचकीत डबा दिसत असेल तर डोळाही ऐकण्यात भाग घेतो. आठवडाभर ऐका, पण दोन्हीवर कापड टाकून आणि पातळी जुळवून ऐका.

पातळी जुळल्यावरही फरक उरू शकतो, आणि तो असला तर त्याला कारण सापडतं. काही महागडे प्लेअर मुद्दाम ओव्हरसॅम्पलिंगशिवाय, म्हणजे डिस्कवरच्या आकड्यांच्या मधे गणिताने आणखी आकडे न भरता, बनवतात. भरपाई केलेली नसेल तर त्यांचा प्रतिसाद 20 किलोहर्ट्झला 3 डेसिबलने खाली येतो, 10 किलोहर्ट्झलाही पाऊण डेसिबल. झांजा किंचित मऊ होतात, बऱ्याच जणांना ते आवडतं. व्हॉल्व्हचा आउटपुट टप्पा असेल तर तो दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येची) थोडी भर घालतो. तीही आवडू शकते, फक्त ती डिस्कमध्ये नसते.

डिस्क फिरवणाऱ्या यंत्रणेने ‘खर्ज आवळला’ असं कोणी सांगितलं तर मात्र मी मानणार नाही. सीडीवरच्या माहितीला दुरुस्तीचं कवच असतं. वाचनात सुमारे अडीच मिलिमीटरची सलग खोट आली तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. खोट त्याहून मोठी झाली की प्लेअर अंदाजाने जागा भरतो, तेही जमलं नाही तर टिकटिक होते, आवाज तुटतो, गाणं उडी मारतं. माझ्याकडे लेसर थकलेले कितीतरी प्लेअर येतात. ते अडखळतात, पण ‘धूसर’ वाजत नाहीत.

ऐकायला तंबोराच घ्या, त्यातही ध्वनिमुद्रणाच्या शेवटी तो हळूहळू विरतो तो भाग. जुन्या मल्टिबिट डॅकची, म्हणजे डिस्कवरच्या आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या चिपची, परीक्षा तिथेच होते. तो भाग हेडफोनवर आवाज चढवून ऐका आणि पुढचा ट्रॅक सुरू व्हायच्या आत नॉब खाली आणा, कान जपा.

तंबोराप्रेमी:
सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. प्लेअरच्या आउटपुटलाही मोजून पाहिलं: जुना 1.94 व्होल्ट, मित्राचा 2.31.

जुळवल्यावर गायिका परत आपल्या जागी गेली. ख्याल, पियानो, ऑर्केस्ट्रा, कशातच मला खात्रीने ओळखता येईना. निम्म्याच्या आसपास बरोबर, म्हणजे अंदाजच. पण विरत जाणाऱ्या तंबोऱ्यावर हेडफोन लावून जवळजवळ दर वेळी ओळखलं. जुन्यावर शेवटचे काही क्षण स्वर खरखरीत होतो, कडा झिजल्यासारखा. मित्राच्या प्लेअरवर तो शांततेत गुळगुळीत उतरतो. हा भास नाही, बायकोनेही ओळखला.

रात्रीचा श्रोता:
दीड डेसिबल! एवढ्याने इतकं बदलत असेल असं वाटलं नव्हतं. मीही अ‍ॅटेन्युएटर शोधतो.

खटका आणि खर्ज:
तंबोराप्रेमी, तुम्हाला ऐकू आलेला फरक खरा आहे. अगदी लहान पातळीला जुन्या डॅकच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या राहत नाहीत. सर्वांत मोठ्या बिटचं वजन जरा चुकलं की स्वर शून्याजवळून जाताना दर वेळी ठेच लागते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, विरत्या स्वरात उघडी पडते.

म्हणून मित्राचा प्लेअर घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली, त्यातला डिस्क वाचणारा लेसर पिकअप कुठला ते त्याला विचारा आणि तो आज सुटा मिळतो का बघा. मिळत नसेल तर मी तो प्लेअर घेणार नाही, आत कितीही सुंदर ट्रान्सफॉर्मर असोत. दुसरी, तुमच्या जुन्या प्लेअरचं झाकण उघडून डॅक चिपचा फोटो काढा. पीसीएम 56 सारख्या चिपला नेमकी हीच ठेच घालवण्यासाठी बाहेरून ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) जोडायची सोय असते. बऱ्याच प्लेअरांत तो चिपशेजारी बसवलेला असतो, काहींत नुसती मोकळी जागा सोडलेली असते. तो कानाने फिरवू नका. उणे 60 डेसिबलचा सूर वाजवून, डिस्टॉर्शन मीटरवर बघत बघतच लावावा लागतो. उघडण्याआधी प्लग काढा.

मॉडेल नंबर आणि फोटो इथे टाका. सर्व्हिस मॅन्युअल बघून ट्रिमर कुठे आहे ते सांगते.