मदत हवी आहे: भूमिकेसाठी २० किलो जाड दिसायचंय. वजन वाढवावं की पॅडिंग?

मध्यंतर:
टीव्हीसाठी साप्ताहिक विनोदी मालिका आहे, १३ भाग. शूटिंग दहा आठवड्यांनी. नायक सध्या ६८ किलो, उंची ५ फूट ८ इंच. कथेत तो कॉलेजात असताना चांगला गरगरीत होता. नट म्हणतोय, 'इट्स ऑल्वेज सनी इन फिलाडेल्फिया' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या सातव्या सीझनसाठी (२०११) रॉब मॅकएल्हेनीने वाढवलं तसं खरं वजन वाढवतो. जमेल? नाहीतर पॅडिंग नेमकं कसं करायचं? बजेट बेताचं आहे.

कढीभात:
आधी हिशेब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. २० किलोच्या झाल्या १,५४,०००. त्या ७० दिवसांत बसवायच्या तर नेहमीच्या जेवणावर रोज २२०० जास्त. मॅकएल्हेनी दिवसाला ५००० च्या आसपास खात होता आणि साधारण ६० पौंड, म्हणजे २७ किलो वाढला. सुरुवातीला चिकन, भात, भाज्या. एवढं घशाखाली उतरेना तेव्हा डोनटवर आला. डोनटने काट्यावरचा आकडा पळतो, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि यकृतातली चरबीही त्याच्याबरोबर पळते. शिवाय चरबी कुठे बसायची हे दिग्दर्शकाला विचारून ठरत नाही. कुणाचे गाल आधी भरतात, कुणाचं नुसतं पोट सुटतं. आणि उतरवायला आठवड्याला अर्धा किलो धरलात तर ४० आठवडे.

टाचणी:
एक सांगा, जाड आणि बारीक प्रसंग एकाच दिवशी लावलेत का?

मध्यंतर:
हो. तेच घर थोडं बदलून वापरणार. दर भागात दीड-दोन मिनिटांचा फ्लॅशबॅक.

टाचणी:
मग वजन वाढवायचा विषयच मिटला! मॅकएल्हेनी त्या मालिकेचा निर्माता होता आणि अख्खा सीझन जाडच दिसला, म्हणून ते चाललं. तुमची गोष्ट 'फ्रेंड्स'मधल्या मोनिकासारखी आहे: १९९६ च्या प्रॉम (शाळेतला निरोपाचा नाच) व्हिडिओच्या भागात मोनिका झालेली कोर्टनी कॉक्स वर्तमानात बारीक आणि जुन्या चित्रफितीत जाड. तिथे पॅडिंगच लागतं.

आता शिवणकाम. लायक्राचा अंगासरशी बसणारा सूट घ्या, मांडीपर्यंत, मागे चेन. लघवीची सोय आधीच ठेवा, ही हमखास विसरते. सूट नटाच्या अंगावर किंवा त्याच्या मापाच्या डमीवर ताणलेला असतानाच पॉलिएस्टर वॅडिंग (रजईत भरतात तसा मऊ थर) टाका. टेबलावर सपाट ठेवून शिवलंत तर घालताना कापड ताणतं आणि टाके तटातट तुटतात. पोटाच्या सर्वांत उंच जागी आधी लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. कडा कात्रीने कापू नका, हाताने विस्कटा. कापलेली कड शर्टातून पायरीसारखी दिसते. काख, कोपर, गुडघ्याची मागची बाजू, जांघ मोकळी ठेवा. वरून दुसरं लायक्रा.

एवढ्यावर थांबलात तर पोट उशीसारखं दिसेल, कारण त्याला वजन नसतं. ओटीपोटाशी पिशवी शिवून त्यात किलोभर प्लास्टिकचे मणी भरा, म्हणजे पोट खाली ओघळतं आणि चालताना उशिरा हलतं. धान्य भरू नका. घामाने कुबट वास येतो, किडे होतात, धुताही येत नाही. बसल्यावर पोट हनुवटीकडे सरकतं, त्यासाठी पायांमधून रुंद इलॅस्टिकचा पट्टा हवाच.

बूममाईक:
थर्माकोलचे दाणेही नकोत, लेपल माईकमध्ये (कपड्याला लावायचा छोटा माईक) चुरचुर येते. प्लास्टिकचे मणीसुद्धा पिशवीत घट्ट भरा.

मध्यंतर:
आणि चेहरा? खरी भीती तीच आहे.

टाचणी:
रास्त आहे. पॅडिंगची चोरी मान, मनगटं आणि बोटं पकडून देतात. पूर्ण बाह्या आणि बंद कॉलर घ्या. सिलिकॉनचे गाल-हनुवटी सुंदर दिसतात, पण काढताना पातळ कडा फाटतात, म्हणजे दर वेळी नवा संच. दिवसात दोनदा जाड-बारीक केलंत की खर्च दुप्पट. तेव्हा त्या दिवशीचे सगळे जाड प्रसंग सलग घ्या. बेतात बसवायचं असेल तर दंतवैद्याकडून दाढांवर अडकणारे अॅक्रिलिकचे गालफुगवे करून घ्या. त्याने 'स', 'श' फेंगाडतात, म्हणून ते घालूनच तालमी करा. जेवताना काढायचे.

कढीभात:
उकाड्याचंही बघा. दिव्यांखाली सूटमध्ये घाम वाळतच नाही. दर ४०-४५ मिनिटांनी चेन उघडा, पंखा, ओआरएस. आत सुती बनियन घाला, दिवसाला तीन तरी.

टाचणी:
आणि रात्री सूट उलटा करून स्वस्त व्होडका-पाणी निम्मंनिम्मं फवारा, वास जातो. (बिलात काय लिहायचं ते तुम्ही बघा.) कपडे मात्र सूट तयार झाल्यावर, तो घालून बसवून-उठवून माप घेतल्याशिवाय शिवू नका. उभ्याने बरोबर बसलेली पँट सोफ्यावर बसताना फाटते.

मध्यंतर:
शिंप्याला उद्याच बोलावतो. मण्यांची पिशवी काढता येईल अशी ठेवू ना?

टाचणी:
हो, वेल्क्रोने. नाहीतर धुणार कशी?