"मशीन खोटं बोलत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, खाली सही कोणाची?

नानांची लेक
'सहकारात एआय' या कालच्या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिलंय, "हिशेबात माणूस खोटं बोलतो, मशीन नाही. ऑडिट एआयकडे द्या, निम्मा भ्रष्टाचार जागेवर थांबेल." खाली वाहवा करणारे ढीगभर. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा वेगळा धागा.

हे वाक्य मी बारावीत असताना आमच्या घरात ऐकलंय. माझे वडील, नाना, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी ठेव गोळा करणारे. सायकलवरून रोज सव्वाशे दुकानं. 2011 साली एका संध्याकाळी कलेक्शनचं, पावती छापणारं हातातलं मशीन ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलं आणि मध्येच वीज गेली. आल्यावर पुन्हा जोडलं. दिवसाचं कलेक्शन दोनदा चढलं आणि नानांच्या नावावर 11,640 रुपयांची तूट आली. मॅनेजर म्हणाले, "नाना, मशीन खोटं बोलत नाही." चौदा महिने कमिशनमधून वसुली झाली. नाना बाजारपेठेतून खाली मान घालून जायला लागले, ते मी पाहिलंय. पुढे दुसऱ्या एजंटच्या बाबतीत तसंच झालं, सॉफ्टवेअरवाला आला, चूक सापडली. पैसे परत मिळाले. पण "तुमची चूक नव्हती" असं एकही माणूस म्हणाला नाही, कारण निर्णय कोणी घेतलाच नव्हता म्हणे. कॉम्प्युटरने दाखवला होता.

ब्रिटनच्या पोस्टात तेच झालं, फक्त शेकडोपटींनी मोठं. 1999 पासून फुजित्सूचं 'होरायझन' सॉफ्टवेअर बसवलं, ते खोटी तूट दाखवायचं. 900 हून जास्त पोस्टचालकांना चोर ठरवलं गेलं, त्यातल्या बऱ्याच जणांवर खटला भरणारं खुद्द पोस्टच. कोणी घर विकलं, कोणी तुरुंगात गेलं, काहींनी जीव दिला.

माझं म्हणणं एवढंच. मशीन वापरा, एआय वापरा. पण माणसाच्या पोटावर येणाऱ्या प्रत्येक निर्णयाखाली एका जिवंत माणसाची सही हवी. ज्याच्यासमोर जाऊन "का?" असं विचारता येईल असा माणूस.

ऑडिटवाला_सांगली
ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मी बावीस वर्षं पतसंस्थांचं ऑडिट करतोय. मेलेल्या माणसांच्या नावावर कर्जं पाहिलीत, पासबुकात आहे आणि खतावणीत नाही अशा नोंदी पाहिल्यात, संचालकाच्या मेव्हण्याला तारणाशिवाय दिलेले लाखो रुपये पाहिलेत. प्रत्येक कागदाखाली जिवंत माणसाची सही होती! सहीने काय झालं? मशीन आल्यावर या भानगडी कमी झाल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका घरच्या गोष्टीवरून धोरण ठरत नसतं.

मंडईतली
एजंट म्हणजे सगळे देवमाणूस नव्हेत, हेही कोणीतरी लिहायला हवं. माझी आई भाजी विकायची. रोजचे वीस रुपये पिग्मी. एजंट पासबुकात पेनाने आकडा टाकायचा आणि पैसे खिशात. सात महिन्यांनी कळलं. तेव्हा मशीन असतं, हातात छापील पावती मिळाली असती, तर माझी दहावीची फी भरली गेली असती.

नानांची लेक
तुमच्या आईंचं दुःख खरंच आहे. पण त्या चोराची शिक्षा माझ्या वडिलांनी का भोगायची? "एजंट म्हणजे असेच" हे आधीच मनात होतं, म्हणून तर मशीनचा आकडा कोणी तपासला नाही.

मंडईतली
मी तुमच्या वडिलांना चोर म्हटलं नाही. उगाच अंगावर येऊ नका.

कॉम्रेड_इचलकरंजी
मुळात पिग्मी एजंटला कोणी आपला माणूस मानतं का? 2001 साली सुप्रीम कोर्टाने सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात बँकांचे ठेव गोळा करणारे एजंट हे कामगारच आहेत असं सांगितलं. तरी आज गावोगावच्या संस्थांत विचारा. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, पाऊस असो की ताप, कलेक्शन चुकवायचं नाही. एआयची चर्चा नंतर करा.

ऑडिटवाला_सांगली
कमिशनवर काम घेतलं ते मान्य करूनच ना? प्रत्येकाला पीएफ द्यायचा तर छोट्या पतसंस्था महिन्यात बंद पडतील. ठेवीदारांचे पैसे तुम्ही देणार?

कॉम्रेड_इचलकरंजी
संचालकांच्या गाड्यांना पैसे पुरतात, पीएफ म्हटलं की संस्था बुडते. ज्याला नोकर मानत नाही, त्याच्याकडून नोकरासारखी वसुली मात्र करता. कुठल्या नियमाने, ते सांगा.

मंडईतली
एजंटच्या पीएफवर सगळे बोलतायत. बुडलेल्या ठेवीदाराची बाजू घ्यायला या धाग्यावर कोणीच नाही.

जालनाकर_वकील
विषयावर या. आपला कायदा इथे ब्रिटनपेक्षा कडक आहे. आमच्या जालन्याचीच केस, 2014 ची विधानसभा निवडणूक, 296 मतांचा फरक. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद आणि पुराव्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. जुलै 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र अनिवार्य. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 63 आहे. म्हणजे यंत्र नीट चालत होतं हे माणसाला सही करून सांगावं लागतं. इंग्लंडातही अशी अट होती, ती त्यांनी 1999 साली काढली आणि त्यानंतर कॉम्प्युटर बरोबरच असतो असं गृहीत धरलं जाऊ लागलं. होरायझनमध्ये माणसं भरडली गेली, त्याचं हे एक मोठं कारण.

नानांची लेक
वकीलसाहेब, माहिती मोलाची आहे. पण नानांचं प्रकरण कोर्टात गेलंच नाही. टेबलावर कागद सरकवला, "इथे अंगठा करा किंवा सही करा" म्हणाले. तिथे कुठलं कलम 63?

सरेकर_बाई
मी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहते. वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट याच परगण्यात. तिथल्या सीमा मिश्रा यांना 2010 मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, त्या वेळी पोटात बाळ होतं आणि त्या दिवशी मुलाचा दहावा वाढदिवस होता. 2021 मध्ये निर्दोष ठरल्या. पोस्टचालकांनी हेल्पलाइनला फोन केला की कित्येकांना सांगितलं जायचं, "अशी तक्रार फक्त तुमचीच आहे." ऑडिटवाले साहेब, हे सॉफ्टवेअरने नाही सांगितलं. माणसांनी सांगितलं. पोस्टाच्या माजी मुख्य अधिकारी बाईंनी 2024 मध्ये सीबीई किताब परत करते म्हणून जाहीर केलं, तोही टीव्हीवर मालिका लागून देश पेटल्यावर.

मॉडेलवाला_पुणे
मी कर्ज छाननीच्या मॉडेलवर, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही ते सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर काम करतो, म्हणून राहवत नाही. ताई, सहीची मागणी ऐकायला चांगली आहे, पण ती उलटी बसते. 2018 मध्ये अमेरिकेत टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. गाडीला समोर काय आहे तेच ठरवता येत नव्हतं आणि आणीबाणीचा ब्रेक चाचणीत बंद ठेवलेला. कंपनीवर फौजदारी गुन्हा लागला नाही. आत बसलेल्या चालकाचं लक्ष फोनकडे होतं, गुन्हा तिच्यावर लागला, 2023 मध्ये तिने त्यापेक्षा सौम्य गुन्हा कबूल केला. तुमची सही पण अशीच सगळ्यात खालच्या कारकुनाकडून घेतील. आमच्या मॉडेलने एखाद्याचं कर्ज का नाकारलं, ते कधीकधी मलाही नेमकं सांगता येत नाही. तो बिचारा काय सांगणार?

नानांची लेक
हे मी धरलं नव्हतं. पटलं म्हणायला जड जातंय, पण पटलं. कारकुनाची सही नको. ज्याच्याकडे मशीन थांबवायचा आणि निर्णय फिरवायचा अधिकार आहे, त्याची हवी. आणि "का" हे तुम्हालाच सांगता येत नसेल, तर दादा, ते मॉडेल कोणाच्या कर्जाला लावूच नका. हे मी रागाने नाही, विनंती म्हणून लिहितेय.

मॉडेलवाला_पुणे
मग पुन्हा मॅनेजरच्या मर्जीवर कर्जं. जात बघून, आडनाव बघून. माझ्या वडिलांना याच मर्जीने दोनदा परत पाठवलंय, म्हणून मी या कामात आलो.

ऑडिटवाला_सांगली
सरेकर बाईंचा मुद्दा टोचला. एक कबूल करतो, मोठ्या मनाने वगैरे नाही. बावीस वर्षांत एजंटकडे तूट निघाली की मी एजंटचं पासबुक मागितलं, मशीनमधलं कलेक्शन दोनदा चढलं का हे कधी तपासलं नाही. मशीनची यादीच आमच्यापुढे तयार येते. स्कॉटलंडात एका शाखेत होरायझनने 8,000 पौंडांची एकच रक्कम चारदा चढवली होती, ते आज वाचलं. ताई, त्या दिवशीच्या दोन्ही याद्या छापल्या होत्या का? पावती क्रमांक तेच होते का?

नानांची लेक
आत्ता कपाटातून नानांची डायरी काढली. दोन्ही याद्या टाचणीने लावलेल्या आहेत, टाचणी गंजलीय. पहिल्या पावतीपासून शेवटच्यापर्यंत क्रमांक तेच. वेळेत फक्त एकोणीस मिनिटांचा फरक. खाली नानांच्या अक्षरात लिहिलंय, "साहेबांना दोन्ही दाखवल्या. वाचल्या नाहीत."